तुन अब्दुल रझाक : नव्या राजसत्तेतील एका मंत्र्याची कारकीर्द

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत आशिया आणि आफ्रिकेतील जे देश स्वतंत्र झाले, त्यांपैकी बहुतेकांनी प्रजासत्ताकाचा मार्ग पत्करला. जॉर्डन, लिबिया, मोरोक्को, कंबोडिया आणि मलाया अशा मोजक्या देशांनी मात्र राजसिंहासन कायम ठेवून स्वातंत्र्यात पाऊल टाकले. अशा देशात मंत्र्याचे स्थान मोठे अवघड असते. परंपरेतून आलेले राजपद, निवडणुकीतून नव्याने आलेली लोकसत्ता आणि परकीय राज्यकर्त्यांनी मागे ठेवलेली नोकरशाही या तिन्हींशी त्याला एकाच वेळी व्यवहार करावा लागतो, आणि त्यांपैकी एकीलाही डावलून त्याचा कारभार चालत नाही. लिबियाच्या राजाला १९६९ साली लष्कराने पदच्युत केले आणि कंबोडियातील राजसत्ता १९७० साली मोडीत निघाली. मलायात मात्र राजपद, संसद आणि मंत्रिमंडळ ही तिन्ही टिकून राहिली. हे कसे घडले, याचे उत्तर शोधताना तुन अब्दुल रझाक यांची कारकीर्द विशेष उपयोगी पडते. शिक्षणमंत्री, संरक्षणमंत्री, ग्रामविकासमंत्री, उपपंतप्रधान आणि अखेर पंतप्रधान अशा पदांवर त्यांनी १९५५ पासून १९७६ पर्यंत, म्हणजे सुमारे दोन दशके काम केले. राजकीय प्रश्नाला प्रशासकीय उत्तर शोधणे हे त्यांच्या कामाचे सूत्र होते; त्यांचे यश या सूत्रातून आले आणि त्यांच्या मर्यादाही त्यातूनच आल्या.

नऊ राजांचा देश

रझाक यांचे काम समजून घेण्यासाठी आधी मलायातील राजपदाचे स्वरूप समजून घ्यावे लागते. मलाय द्वीपकल्पात नऊ संस्थाने होती आणि प्रत्येकाचा वंशपरंपरागत राजा, बहुतेक ठिकाणी सुलतान, होता. ब्रिटिशांनी ही राज्ये खालसा केली नाहीत. राजाच्या दरबारी रेसिडेंट किंवा सल्लागार नेमून त्यांनी प्रत्यक्ष कारभार हाती घेतला आणि मलाय समाजाच्या चालीरीती व इस्लाम धर्म एवढे विषय राजाकडे राहू दिले. कथिल व रबर या दोन उद्योगांसाठी चीनमधून आणि दक्षिण भारतातून, विशेषतः तमिळ प्रदेशातून, मोठ्या संख्येने माणसे आली, आणि स्वातंत्र्याच्या वेळी देशाची वस्ती अशी झाली होती की मलाय जेमतेम निम्मे, चिनी एक तृतीयांशाहून अधिक आणि भारतीय सुमारे दहावा हिस्सा होते. शहरांतील व्यापार प्रामुख्याने चिन्यांकडे, मळ्यांतील मजुरी प्रामुख्याने तमिळांकडे आणि भातशेती व मासेमारी मलायांकडे, अशी श्रमविभागणी वंशाच्या रेषेवरच उभी राहिली होती.

युद्ध संपल्यावर १९४६ साली ब्रिटिशांनी ‘मलायन युनियन’ ही योजना आणली. तिच्यात सुलतानांचे सार्वभौमत्व जवळजवळ संपुष्टात येत होते आणि बाहेरून आलेल्या रहिवाशांना उदारपणे नागरिकत्व मिळणार होते. या योजनेविरुद्ध मलाय समाज प्रथमच देशव्यापी पातळीवर एकवटला आणि त्याच वर्षी ओन जाफर यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त मलाय राष्ट्रीय संघटना, म्हणजे ‘अम्नो’ हा पक्ष, स्थापन झाला. विरोधापुढे माघार घेऊन ब्रिटिशांनी १९४८ च्या फेब्रुवारीत युनियनच्या जागी संघराज्य आणले. अन्य अनेक देशांत राष्ट्रवादी चळवळ राजेरजवाड्यांच्या विरोधात वाढली. मलायात ती सिंहासनांच्या रक्षणासाठी वाढली, आणि म्हणून स्वतंत्र मलायात राजपद राहणार की नाही हा वाद कधी गंभीरपणे उभाच राहिला नाही.

वाद होता तो राजपदाच्या रचनेचा. नऊ राजांपैकी एकालाच कायमचा सार्वभौम करणे शक्य नव्हते. लॉर्ड रीड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या घटना आयोगाने या प्रश्नासह साऱ्या घटनेचा आराखडा तयार केला. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बिधुभूषण मलिक हेही या आयोगाचे एक सदस्य होते. अखेर ठरलेली व्यवस्था जगात वेगळी ठरली. नऊही राजे एकत्र येऊन आपल्यातील एकाची पाच वर्षांसाठी देशाचा राजा म्हणून निवड करतात. त्याला ‘यांग दि-पर्तुआन आगोंग’ असे म्हणतात. मंत्र्यांची नेमणूक तो पंतप्रधानांच्या सल्ल्याने करतो आणि मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या संसदेला जबाबदार असते.

या रचनेचा मंत्र्यांच्या दृष्टीने अर्थ काय, हे १९६० साली स्पष्ट झाले. पहिले आगोंग, नेगरी सेंबिलानचे तुआंकू अब्दुल रहमान, त्या वर्षी १ एप्रिलला निधन पावले. त्यांच्या जागी निवडलेले सेलांगोरचे सुलतान हिसामुद्दीन १ सप्टेंबरला निवर्तले. आणि त्याच महिन्यात पर्लिसचे राजे तिसरे आगोंग झाले. एकाच वर्षात देशाने तीन राजे पाहिले, तरी मंत्रिमंडळाचे काम खोळंबले नाही. राजपदाने राज्याला सातत्याची प्रतिष्ठा दिली, पण कारभारातील प्रत्यक्ष सातत्य मंत्र्यांनाच राखायचे होते.

दरबाराशी नाते असलेला प्रशासक

अब्दुल रझाक यांचा जन्म ११ मार्च १९२२ रोजी पाहांग राज्यातील पेकान या राजधानीच्या गावाजवळ झाला. पाहांगच्या सुलतानाच्या चार प्रमुख सरदारांपैकी एकाचे घराणे म्हणजे त्यांचे घराणे; दरबाराचे रीतिरिवाज त्यांना बाहेरून शिकावे लागले नाहीत. कुआला कांगसार येथील मलाय कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. उच्चकुलीन मलाय मुलांना ब्रिटिश प्रशासनातील दुय्यम जागांसाठी तयार करणारी ही शाळा होती, आणि तिथून बाहेर पडल्यावर १९३९ साली ते मलाय प्रशासकीय सेवेत दाखल झाले. पुढील शिक्षणासाठी ते सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात गेले, पण जपानी आक्रमणाने ते शिक्षण अर्धवट राहिले. जपानी अंमलात वरकरणी सरकारी नोकरी करीत असतानाच पाहांगमधील ‘वतानिया’ या भूमिगत प्रतिकार दलाशी त्यांचा संबंध होता.

युद्धानंतर १९४७ साली शिष्यवृत्ती मिळवून ते कायदा शिकण्यासाठी इंग्लंडला गेले आणि १९५० साली लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. त्या वेळी ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे सरकार होते. सार्वजनिक आरोग्य, घरे आणि उद्योग यांत शासन किती खोलवर उतरू शकते याचा अनुभव तिथे रोज येत होता, आणि रझाक स्वतः त्या पक्षाचे सदस्यही झाले होते. मलायातील सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांचा ‘मलायन फोरम’ हा चर्चागट उभा करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. केदाहच्या राजघराण्यातील राजपुत्र तुंकू अब्दुल रहमान यांच्याशी त्यांचा स्नेह याच काळात जुळला. तुंकू वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे, मोकळ्या स्वभावाचे आणि लोकांत रमणारे होते, तर रझाक मितभाषी आणि कागदपत्रांत बारकाईने लक्ष घालणारे होते; या दोघांच्या जोडीनेच पुढे स्वतंत्र मलायाचा पहिला टप्पा पार पाडला.

मायदेशी परतल्यावर रझाक पुन्हा पाहांगच्या प्रशासनात रुजू झाले आणि त्याच वेळी अम्नोच्या युवक शाखेचे प्रमुख झाले. ओन जाफर यांनी १९५१ साली पक्ष सोडला, तेव्हा तुंकू अध्यक्ष आणि रझाक उपाध्यक्ष निवडले गेले. फेब्रुवारी १९५५ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते पाहांगचे ‘मेन्त्री बसार’ म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री झाले, पण काही महिन्यांतच संघराज्याची पहिली निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी ते पद सोडले. जुलै १९५५ च्या या निवडणुकीत अम्नो, मलायन चायनीज असोसिएशन आणि मलायन इंडियन काँग्रेस या तीन पक्षांच्या ‘आघाडी’ने ५२ पैकी ५१ जागा जिंकल्या. वंशावर आधारलेल्या तीन पक्षांनी आपापल्या समाजाचे प्रतिनिधित्व करावे आणि मतभेद बंद दाराआड तडजोडीने मिटवावेत, ही या आघाडीची रीत होती.

शिक्षणमंत्री : एकच अभ्यासक्रम, अनेक माध्यमे

तुंकूंच्या मंत्रिमंडळात रझाक यांच्याकडे शिक्षण खाते आले, आणि त्या वेळी ते सर्वांत स्फोटक खाते होते. देशात मलाय, इंग्रजी, चिनी आणि तमिळ अशा चार माध्यमांच्या शाळा होत्या आणि त्यांच्यात समान असे फारसे काहीच नव्हते. चिनी शाळांतील पुस्तके चीनकडे पाहून लिहिलेली असत. तमिळ शाळा बहुतेक रबरमळ्यांत होत्या आणि त्यांत प्राथमिक वर्गांपुढे शिक्षणाची सोय नव्हती. मलाय शाळांतून बाहेर पडलेल्या मुलालाही पुढील वाट बंद होती. आणि नोकरी व उच्च शिक्षणाची किल्ली असलेली इंग्रजी शाळा शहरांतच होती. एका देशात राहणारी मुले चार निरनिराळ्या जगांत वाढत होती.

रझाक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५६ साली आपला अहवाल दिला. तो ‘रझाक अहवाल’ म्हणून ओळखला जातो आणि १९५७ च्या शिक्षण कायद्याचा तोच आधार झाला. अहवालाचा गाभा असा होता की प्राथमिक शाळा कोणत्याही माध्यमाची असली तरी तिथे शिकवला जाणारा आशय एकच असावा, तो मलाया हा आपला देश मानून बेतलेला असावा, आणि मलाय व इंग्रजी या भाषा सर्वांनी शिकाव्यात. मातृभाषेतील प्राथमिक शिक्षण ठेवून राष्ट्रीय एकात्मता अभ्यासक्रमातून साधण्याचा हा मार्ग होता. पुढे सर्व शाळांत मलाय हेच मुख्य माध्यम करण्याचे ‘अंतिम उद्दिष्ट’ अहवालात नमूद होते, आणि त्या वाक्याने चिनी शिक्षणसंस्थांमध्ये तीव्र अस्वस्थता पसरली. १९५७ च्या कायद्यात ते उद्दिष्ट आले नाही, पण भाषेचा वाद काही मिटला नाही. १९६१ च्या नव्या कायद्यामुळे सरकारी अनुदान हवे असलेल्या माध्यमिक शाळांना चिनी माध्यम सोडावे लागले, तेव्हा तो पुन्हा उफाळला. तरीही आज मलेशियात मलाय, चिनी आणि तमिळ माध्यमांच्या प्राथमिक शाळा एकाच राष्ट्रीय अभ्यासक्रमाखाली चालतात, आणि त्यांची मूळ चौकट रझाक अहवालाचीच आहे.

नकाशांची खोली आणि तांबडे पुस्तक

३१ ऑगस्ट १९५७ रोजी मलाया स्वतंत्र झाला आणि रझाक उपपंतप्रधान व संरक्षणमंत्री झाले. त्या वेळी देशात १९४८ पासून चालत आलेली आणीबाणी लागू होती, कारण मलायन कम्युनिस्ट पक्षाचे सशस्त्र बंडखोर जंगलातून लढत होते. या बंडाचा बीमोड करण्यासाठी ब्रिटिशांनी एक विशिष्ट कार्यपद्धती उभी केली होती. प्रत्येक राज्यात आणि जिल्ह्यात पोलीस, लष्कर व मुलकी अधिकाऱ्यांची संयुक्त युद्धसमिती असे. ती नकाशांनी भरलेल्या एका खोलीत रोज भेटे, कोणता भाग कोणाच्या ताब्यात आहे ते पाहे आणि जागच्या जागी निर्णय घेई. आणीबाणी जुलै १९६० मध्ये संपली, पण ही कार्यपद्धती रझाक यांच्या मनात पक्की बसली होती.

१९५९ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीसाठी तुंकूंनी काही महिने पंतप्रधानपद सोडले, तेव्हा ते पद रझाक यांनी सांभाळले. त्या निवडणुकीत आघाडीने १०४ पैकी ७४ जागा जिंकल्या, पण पूर्व किनाऱ्यावरील केलांतान आणि तेरेंगानू या मलायबहुल राज्यांची सत्ता पान-मलायन इस्लामिक पक्षाकडे गेली. गावांत राहणारा मलाय शेतकरी स्वातंत्र्यानंतरही होता तिथेच आहे, असा या निकालाचा अर्थ होता. रस्ता, पिण्याचे पाणी, शाळा आणि दवाखाना यांची वाट पाहणाऱ्या या मतदाराकडे जाण्यासाठी नवे ग्रामविकास मंत्रालय निर्माण करण्यात आले आणि संरक्षण खात्यासह ते रझाक यांनी स्वतःकडे घेतले.

बंडखोरांविरुद्धची युद्धपद्धती त्यांनी इथे जशीच्या तशी विकासाकडे वळवली. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली ग्रामविकास समिती स्थापन झाली आणि तिच्या हाती तांबड्या वेष्टनाचे एक मोठे पुस्तक आले. लोक त्याला ‘बुकू मेराह’ म्हणजे तांबडे पुस्तक म्हणू लागले. त्यात जिल्ह्याचा मूळ नकाशा असे आणि त्यावर पारदर्शक कागदाचे निरनिराळे थर बसवता येत : एका थरावर रस्ते, दुसऱ्यावर पाण्याच्या योजना, तिसऱ्यावर शाळा, पुढच्यावर पूल, लागवडीची जमीन, सिंचन. कोणत्या गावाला काय हवे ते समितीने गावाशी बोलून त्या थरांवर नोंदवायचे आणि प्राधान्यक्रम लावायचा. जिल्ह्यांच्या पुस्तकांवरून राज्याचे आणि राज्यांच्या पुस्तकांवरून देशाचे नियोजन तयार होई. प्रत्येक जिल्ह्यात, प्रत्येक राज्यात आणि राजधानी क्वालालंपूर येथे कार्यकक्ष, म्हणजे भिंतींवर नकाशे आणि प्रगतीचे तक्ते लावलेली खोली, उभारण्यात आली.

या व्यवस्थेचा खरा प्राण म्हणजे मंत्र्यांचे दौरे. रझाक जिल्ह्याच्या कार्यकक्षात येत, अधिकाऱ्याला नकाशासमोर उभे करून कोणते काम कुठवर आले ते विचारत, अडलेल्या कामाचे कारण कोणत्या खात्यात आहे ते शोधत आणि त्या खात्याच्या अधिकाऱ्याला तिथेच जाब विचारत. नंतर प्रत्यक्ष जागेवर जाऊन रस्ता किंवा पूल पाहत. कागदांची ये-जा महिनोन् महिने चालण्याऐवजी निर्णय एका बैठकीत होऊ लागला. वसाहतकाळात महसूल गोळा करणे व शांतता राखणे एवढेच काम माहीत असलेल्या नोकरशाहीला विकास हे आपले काम आहे असे वाटू लागले, ही या पद्धतीची सर्वांत मोठी फलश्रुती होय. या कामासाठी १९६७ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला.

जमिनीचा प्रश्न आणि राज्यांचे अधिकार

ग्रामविकासाचा दुसरा आधारस्तंभ म्हणजे १९५६ साली कायद्याने स्थापन झालेले संघीय भूविकास प्राधिकरण, ज्याला सर्वत्र ‘फेल्डा’ म्हणतात. जंगल साफ करून रबराची आणि पुढे तेलताडाची लागवड करायची आणि तिथे भूमिहीन कुटुंबांना वसवायचे, ही त्याची कल्पना होती. पहिली वसाहत १९५८ साली पाहांगमधील लुराह बिलुत येथे सुरू झाली. निवडलेल्या कुटुंबाला घर, घराभोवती थोडी जागा आणि साधारण दहा एकरांचा मळा मिळे. झाडे उत्पन्न देईपर्यंत, म्हणजे रबराच्या बाबतीत सहा-सात वर्षे, निर्वाहभत्ता मिळे. आणि उत्पन्न सुरू झाल्यावर लागवडीचा खर्च हप्त्यांनी फेडावा लागे. जमीन परस्पर विकता किंवा वाटता येत नसे. त्यामुळे सावकाराच्या हाती ती जाण्याचा आणि वारसांमध्ये तुकडे पडण्याचा धोका टळला. १९९० साली नव्या कुटुंबांची भरती थांबली, तोवर एक लाखाहून अधिक कुटुंबे या वसाहतींत स्थिरावली होती.

राजसत्ता आणि मंत्रिपद यांचा खरा संबंध इथे दिसतो. घटनेनुसार जमीन हा राज्याचा विषय आहे आणि बहुतेक राज्यांच्या शिरावर सुलतान आहे. फेल्डाला एक एकर जमीन हवी असली तरी ती राज्य सरकारने दिल्याशिवाय मिळत नसे. संघीय मंत्री पैसा देऊ शके, योजना देऊ शके, पण आज्ञा देऊ शकत नसे. अशा वेळी राज्यांचे मुख्यमंत्री व राजदरबार यांच्याशी सन्मानाने वागून सहमती मिळवणे हाच मार्ग उरतो, आणि सरदार घराण्यात वाढलेल्या, स्वतः राज्याचे मुख्यमंत्रिपद सांभाळलेल्या रझाक यांना तो अवगत होता. राज्य, संघ आणि राजदरबार यांना एका टेबलाभोवती आणण्यासाठी राष्ट्रीय भू परिषद ही घटनात्मक संस्थाही होती.

या योजनेची मर्यादाही तितकीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ग्रामीण विकास म्हणजे मलाय गावांचा विकास असाच व्यवहारात अर्थ झाला. फेल्डाच्या वसाहतींत बिगर-मलाय कुटुंबे फार थोडी होती. खेड्यापाड्यांतच राहणारा, पण खासगी मळ्यांच्या हद्दीत अडकलेला तमिळ मजूर त्या तांबड्या पुस्तकाच्या नकाशावर जवळजवळ नव्हताच. ब्रिटिश मळेवाले आपले मळे तुकडे करून विकू लागले तेव्हा हजारो मजुरांचे घर आणि रोजगार एकदमच धोक्यात आले. त्या वेळी मंत्रिमंडळातील भारतीय मंत्री वी. टी. संबंधन यांनी मजुरांच्या वर्गणीतून मळे विकत घेणारी सहकारी संस्था १९६० साली उभी केली. एकाच मंत्रिमंडळातील एका मंत्र्याच्या मागे शासनाची तिजोरी आणि दुसऱ्याच्या मागे मजुरांची वर्गणी, हे अंतर आघाडीच्या सत्तावाटपाचे खरे स्वरूप दाखवते.

संरक्षण आणि शेजारी

१६ सप्टेंबर १९६३ रोजी मलाया, सिंगापूर आणि बोर्निओ बेटावरील सबाह व सारावाक मिळून मलेशिया निर्माण झाला. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांनी या संघाला आधीपासूनच विरोध करून ‘कोन्फ्रोन्तासी’, म्हणजे संघर्षाचे धोरण, जाहीर केले होते आणि बोर्निओच्या सीमेवर चकमकी सुरू झाल्या होत्या. संरक्षणमंत्री या नात्याने सीमेची जबाबदारी रझाक यांच्यावर होती. इंडोनेशियात सत्तापालट झाल्यावर तडजोडीची बोलणीही त्यांनीच केली. बँकॉकमधील वाटाघाटींनंतर ११ ऑगस्ट १९६६ रोजी जाकार्ता येथे त्यांनी इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री आदम मलिक यांच्यासह करारावर सही करून हा संघर्ष संपवला. पुढच्याच वर्षी, ८ ऑगस्ट १९६७ रोजी, आग्नेय आशियाई राष्ट्रसंघ म्हणजे ‘आसियान’ स्थापन करणाऱ्या बँकॉक जाहीरनाम्यावर मलेशियातर्फे त्यांचीच सही आहे. काल ज्या शेजाऱ्याशी गोळीबार चालला होता, त्याच्यासह वर्षभरात कायमची संघटना उभारणे ही त्यांच्या कारकिर्दीतील मोठी कामगिरी होय. या दोन घटनांच्या आधी, ऑगस्ट १९६५ मध्ये, सिंगापूर संघातून बाहेर पडला होता. वंशांमधील तडजोड ताणली की काय होते याची ती पूर्वसूचना होती.

तेरा मे आणि कसोटी

१० मे १९६९ च्या निवडणुकीत द्वीपकल्पातील १०४ पैकी ६६ जागा आघाडीला मिळाल्या आणि मतांचा हिस्सा निम्म्याखाली गेला. विरोधकांच्या विजयमिरवणुका आणि त्यांना उत्तर देणारे जमाव यांतून १३ मे रोजी क्वालालंपूरमध्ये मलाय व चिनी यांच्यात भीषण दंगली पेटल्या. अधिकृत आकड्यानुसार १९६ माणसे मृत्युमुखी पडली. प्रत्यक्षातील बळी याहून अधिक असावेत असे अनेक निरीक्षकांनी म्हटले आहे. आगोंगने आणीबाणी जाहीर केली, संसद तहकूब झाली आणि राष्ट्रीय कार्य परिषद स्थापन करून तिचे संचालक म्हणून रझाक यांना जवळजवळ सर्व अधिकार देण्यात आले.

या परिषदेच्या खाली राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या कार्य परिषदा होत्या, म्हणजे रचना पुन्हा तीच होती. आधी बंडखोरांविरुद्ध आणि नंतर रस्ते व शाळांसाठी वापरलेले यंत्र आता संसदेविना देश चालवू लागले. अशा वेळी सत्ता हाती आलेला माणूस ती सोडतो की नाही, यावर नव्या देशांचे भवितव्य ठरते. ब्रह्मदेश आणि इंडोनेशिया येथे त्या दशकात लष्कर सत्तेवर बसले ते बसलेच. रझाक यांनी तसे केले नाही. सर्व समाजांच्या प्रतिनिधींची सल्लागार परिषद बोलावून त्यांनी मतभेदांना पुन्हा चर्चेची जागा दिली. ३१ ऑगस्ट १९७० रोजी ‘रुकुन नेगारा’ ही पाच तत्त्वांची राष्ट्रीय प्रतिज्ञा जाहीर झाली, ज्यात ईश्वरावरील श्रद्धा, राजा व देश यांच्यावरील निष्ठा, घटनेचे श्रेष्ठत्व, कायद्याचे राज्य आणि सदाचार यांचा समावेश आहे. आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये संसद पुन्हा भरली.

पण त्या संसदेचे अधिकार पूर्वीसारखे राहिले नाहीत. राजांचे सार्वभौमत्व, मलायांचे विशेष स्थान, राष्ट्रभाषा आणि नागरिकत्व या विषयांवर जाहीरपणे प्रश्न उपस्थित करणे घटनादुरुस्तीने गुन्हा ठरले आणि खासदारांनाही त्यातून सूट राहिली नाही. देशाने लोकशाही परत मिळवली, पण ज्या प्रश्नांवर तो पेटला होता त्यांवर मोकळेपणी बोलण्याचा हक्क गमावून. ही किंमत योग्य होती का, यावर मलेशियात आजही मतभेद आहेत; ती भारी होती हे मात्र मान्य करावे लागते.

पंतप्रधान

२१ सप्टेंबर १९७० रोजी केदाहचे सुलतान अब्दुल हलीम आगोंग झाले. ते तुंकूंचे पुतणे होते. पुतण्या राजा आणि काका पंतप्रधान हे योग्य नव्हे असे सांगून तुंकूंनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला आणि रझाक पंतप्रधान झाले. पाच वर्षांपुरत्या निवडलेल्या राजाच्या रचनेने सत्तांतराला असा सन्मानपूर्वक मुहूर्त मिळवून दिला.

त्यांच्या पंतप्रधानपदाचे सर्वांत दूरगामी काम म्हणजे १९७१ साली दुसऱ्या मलेशिया योजनेसोबत आलेले नवे आर्थिक धोरण. त्याची दोन उद्दिष्टे होती : वंश न पाहता दारिद्र्य नष्ट करणे, आणि अमुक वंश म्हणजे अमुक धंदा ही ओळख पुसून टाकणे. १९७० साली द्वीपकल्पातील जवळजवळ निम्मी कुटुंबे दारिद्र्यात होती आणि कंपन्यांच्या भांडवलात मलायांचा वाटा अवघा २.४ टक्के होता, तर साठ टक्क्यांहून अधिक भांडवल परदेशी होते. ‘भूमिपुत्र’ म्हणजे मलाय व अन्य मूळ रहिवासी यांचा वाटा १९९० पर्यंत ३० टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठरले. महत्त्वाची गोष्ट अशी की हे वाटप एका समाजाकडून हिसकावून दुसऱ्याला देण्याचे नव्हते. अर्थव्यवस्था वाढवून वाढीव हिश्शातून ते साधायचे होते. पुढील दोन दशकांत दारिद्र्य झपाट्याने घटले आणि मोठा मलाय मध्यमवर्ग उभा राहिला. त्याच वेळी विद्यापीठांतील प्रवेश, सरकारी नोकऱ्या आणि ठेके यांत वंशाची गणना रूढ झाली, राजकीय वशिल्याने श्रीमंत होणारा वर्ग वाढला, आणि मळ्यांतील गरीब भारतीयाला या धोरणाच्या पहिल्या उद्दिष्टाचा लाभ फारसा पोहोचला नाही.

परराष्ट्र धोरणात त्यांनी देशाला ब्रिटनच्या छायेतून बाहेर काढून अलिप्ततेकडे नेले. आग्नेय आशिया हा महासत्तांच्या स्पर्धेपासून मुक्त, तटस्थ प्रदेश व्हावा हा आसियानचा जाहीरनामा नोव्हेंबर १९७१ मध्ये क्वालालंपूर येथेच संमत झाला. ३१ मे १९७४ रोजी बीजिंगमध्ये चौ एन-लाय यांच्यासोबत संयुक्त पत्रकावर सही करून त्यांनी चीनशी राजनैतिक संबंध जोडले. आसियान देशांपैकी असे करणारा मलेशिया पहिला होता. ज्या कम्युनिस्ट बंडाशी संरक्षणमंत्री म्हणून त्यांनी लढा दिला, त्या बंडाचा पाठीराखा असलेल्या देशाशी केलेला हा समझोता होता. देशांतर्गत विरोधी पक्षांपैकी अनेकांना सामावून घेत त्यांनी जुन्या आघाडीचे रूपांतर ‘बारिसान नॅशनल’ या व्यापक आघाडीत केले आणि १९७४ ची निवडणूक मोठ्या बहुमताने जिंकली.

या सर्व काळात ते रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते आणि ही गोष्ट अगदी मोजक्या माणसांनाच ठाऊक होती. त्यांचे निकटचे सहकारी आणि उपपंतप्रधान डॉ. इस्माईल अब्दुल रहमान १९७३ साली निवर्तले. १४ जानेवारी १९७६ रोजी लंडनमध्ये उपचार चालू असताना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी रझाक यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी हुसेन ओन यांनी सूत्रे हाती घेतली. ते रझाक यांचे साडू आणि अम्नोचे संस्थापक ओन जाफर यांचे पुत्र होते. मलेशियात रझाक यांना ‘विकासाचे जनक’ म्हणतात.

त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतात. नव्या राजसत्तेत मंत्र्याचे खरे वजन राजाच्या मर्जीवर किंवा सभेतल्या भाषणावर अवलंबून नसून, ठरलेले काम गावापर्यंत पोहोचते की नाही यावर अवलंबून असते, हे त्यांनी सिद्ध केले. राजपद टिकले त्याचे एक कारण हेही आहे की त्या पदाच्या नावाने चालणारे सरकार लोकांच्या दारात रस्ता, पाणी आणि शाळा घेऊन आले. परंतु नागरिकत्व, भाषा आणि समानता हे प्रश्न कार्यकक्षातल्या तक्त्यावर पूर्ण झाल्याची खूण करून संपत नाहीत. त्यांना मोकळी चर्चा लागते, आणि तिला लागणारा वेळ व विश्वास देण्यास रझाक यांचे राज्य तयार नव्हते. कार्यक्षम प्रशासन ही लोकशाहीची अट आहे, पण ते तिचा पर्याय होऊ शकत नाही. स्वातंत्र्यानंतर विकासाची घाई असलेल्या प्रत्येक देशाने ही गोष्ट रझाक यांच्या यशातून जितकी शिकावी, तितकीच त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या कामातूनही शिकावी.